तुरुंगातील गरोदरपण आणि उपचार : भाचीच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने



बीपी, शुगर, थायरॉइड, पित्त या आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण शेवटपर्यंत वाचा. यातली बरीच माहिती प्रत्येक घरातल्या गरोदर स्त्रीसाठी उपयोगाची आहे.

माझी भाची कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजसाठी एक शोधनिबंध लिहायचा होता. विषय होता, तुरुंगातील गरोदर स्त्रियांना मिळणारे उपचार. कायद्याची बाजू तिची ती बघणार होती, वैद्यकीय बाजूसाठी ती माझ्याकडे आली. वही उघडून तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, तुरुंगातल्या गरोदर बाईला बाहेरच्या बाईपेक्षा वेगळी काय ट्रीटमेंट लागते?"

मी म्हणालो, "ट्रीटमेंट अगदी तीच. ती मिळण्याची वाट वेगळी."

पुढचे चार-पाच रविवार आम्ही त्या वाटेचाच शोध घेत होतो. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रत्येक गरोदर स्त्रीला काय मिळायला हवे?

आधी साधी यादी बघू. आपल्याकडच्या सरकारी नियमांनुसार गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हायला हव्यात, आणि त्यातली पहिली तिसरा महिना संपायच्या आत. त्यात पुढील गोष्टी येतात :

• दर भेटीत वजन, बीपी आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी
• हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या
• धनुर्वात प्रतिबंधक इंजेक्शने
• लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, किमान १८० दिवस, शिवाय कॅल्शियम
• सोनोग्राफी
• पुरेसा आहार, आणि झोपताना डाव्या कुशीवर झोपण्याचा सल्ला

यातले काहीही महागडे नाही. सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत मिळते. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असले की आपण त्याला रक्तक्षय म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हा आकडा सर्वसाधारण स्त्रियांचा आहे. तुरुंगात येणाऱ्या बहुतेक स्त्रिया गरीब घरांतल्या असतात. म्हणजे अनेक जणी आत येतानाच अशक्त असतात.

तीन उशीर

बाळंतपणात स्त्रिया का दगावतात याचा अभ्यास करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अमेरिकेतल्या दोन संशोधिकांनी १९९४ मध्ये एक साधी मांडणी केली. डॉक्टरी शिक्षणात ती 'तीन उशिरांची मांडणी' म्हणून शिकवतात.

पहिला उशीर : त्रास होतो आहे, दवाखान्यात जायला हवे, हे ठरवण्यात होणारा.
दुसरा उशीर : दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात होणारा.
तिसरा उशीर : पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यात होणारा.

ही मांडणी केली गेली ती गावखेड्यांसाठी. रस्ता नाही, गाडी नाही, घरचे कर्ते माणूस शेतावर गेले आहे, अशा परिस्थितीसाठी. मी ती भाचीला समजावून सांगितली. तिने वहीत तीन रकाने आखले आणि प्रत्येकात 'तुरुंग' असे लिहून माझ्याकडे बघितले.

पहिला रकाना. बाहेरच्या बाईला वाटले की डोके फारच दुखते आहे, तर ती रिक्षा करून येऊ शकते. आतल्या बाईने आधी कुणाला तरी सांगायचे. ऐकणाऱ्याला ते खरे वाटले पाहिजे. मग त्याने वर कळवायचे.

दुसरा रकाना. तुरुंगाचा दवाखाना लहान असतो. स्त्रीरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी, रक्तपेढी हे सगळे बाहेरच्या मोठ्या रुग्णालयात. तिथे न्यायचे तर वाहन हवे, पोलीस गार्ड हवा, स्त्री कैदी असेल तर महिला पोलीस हवी. गार्ड नसेल तर तारीख पुढे जाते. ही अडचण नवी नाही आणि एखाद्याच तुरुंगाचीही नाही.

तिसरा रकाना. रुग्णालयात पोहोचल्यावरही सोबत पोलीस असतात, कागद असतात. तपासणीच्या खोलीत कोण थांबणार, यावर चर्चा होते. पेशंट मनमोकळे बोलू शकत नाही.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ काय? बाळंतपणातल्या जिवावरच्या अडचणी थोड्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर चांगले उपचार आहेत. पण त्या सगळ्या वेळेशी बांधलेल्या आहेत. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर हातात तास-दोन तासच असतात. वाढलेल्या बीपीचे रूपांतर झटक्यांमध्ये कधी होईल ते सांगता येत नाही. बाळाची नाळ आधी बाहेर आली तर मिनिटे मोजावी लागतात.

मी पाहिलेली एक पेशंट

नव्वदच्या दशकात मी एमडी करत होतो. एका रात्री लेबर वॉर्डमधून कॉल आला, झटके येणारी पेशंट आहे, फिजिशियन पाठवा. मी गेलो. बाविशीची बाई, आठवा महिना. बीपी १८०/१२०, लघवीत भरपूर प्रथिने. एक्लॅम्प्शिया, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीमुळे येणारे झटके. तिला तुरुंगातून आणले होते.

एका पायात बेडी होती आणि बेडीचे दुसरे टोक कॉटला. झटके येणाऱ्या गरोदर पेशंटला ताबडतोब डाव्या कुशीवर वळवावे लागते, म्हणजे तोंडातली लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जात नाही आणि पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर गर्भाशयाचा दाब येत नाही. बेडीमुळे तिला नीट वळवता येईना. ड्यूटीवरच्या सिस्टर वयाने मोठ्या होत्या. त्या हवालदारांना म्हणाल्या, "आधी ती बेडी काढा. नियम काय आहे ते मग बोलू." बेडी निघाली. मॅग्नेशियम सल्फेट सुरू केले, बीपी खाली आणले. रात्रीच तिची प्रसूती करावी लागली.

सोबत आलेल्या महिला पोलिसाने मला सांगितले, "डॉक्टर, ती दोन दिवस डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर अंधारी येते असं म्हणत होती. पण आत सगळ्याच काही ना काही सांगतात. नाटक करते असं वाटलं. मग आणायचं ठरलं तर गार्ड नव्हता."

आई वाचली. बाळ दुसऱ्या दिवशी गेले.

मी केसपेपरवर निदान लिहिले, उपचार लिहिले. 'गार्ड नव्हता' असे लिहायला केसपेपरवर रकाना नसतो. दोन दिवस आधी तिचे बीपी कुणी मोजले असते, तर रोजच्या दोन गोळ्या आणि दवाखान्यात दाखल होणे यावर बहुधा भागले असते. बीपी मोजायला दोन मिनिटे लागतात. त्यासाठी तिची तक्रार खरी आहे की खोटी हे आधी ठरवायची गरजच नसते.

हे ऐकताना भाची लिहायची थांबली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, हे मी पेपरमध्ये घेऊ?" मी म्हटले, घे, पण जागा आणि नाव नको.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही

पुढच्या रविवारी तिने इंग्लंडचा एक अहवाल आणला. सप्टेंबर २०१९. ब्रॉन्झफिल्ड नावाचा स्त्रियांचा तुरुंग. अठरा वर्षांची मुलगी, दिवस भरत आलेले, कोठडीत एकटी. संध्याकाळी तिने कोठडीतली घंटा दोनदा वाजवली. मदत आली नाही. रात्री ती एकटीच बाळंत झाली. सकाळी लोकांच्या लक्षात आले तेव्हा बाळ जिवंत नव्हते. श्रीमंत देश, मोफत सरकारी आरोग्यसेवा, प्रत्येक कोठडीत घंटा. सगळे असून घंटेला उत्तर देणारे माणूस नव्हते.

तिथल्या स्वतंत्र लोकपालांनी या घटनेची चौकशी केली आणि २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात केलेली एक सूचना मला फिजिशियन म्हणून अतिशय महत्त्वाची वाटते. तुरुंगातले प्रत्येक गरोदरपण जोखमीचे समजावे, असे त्यात म्हटले आहे. कारण ती स्त्री दिवसाचा बराच वेळ कुलूपबंद दाराआड असते.

आपण डॉक्टर 'जोखमीचे गरोदरपण' असा शिक्का कधी मारतो? बीपी, मधुमेह, जुळी, आधीचे सिझेरियन, वय जास्त, रक्त कमी. ही सगळी कारणे पेशंटच्या शरीरात असतात. इथे पहिल्यांदा कुणीतरी म्हटले की बंद दार हेही जोखमीचे कारण आहे. आमच्या सगळ्या वाचनाचे सार मला विचाराल तर हे एवढेच आहे.

कायदा काय सांगतो?

ही बाजू भाचीची. तिने मला समजावले तसे सांगतो.

१३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात स्त्री कैदी आणि त्यांच्या मुलांविषयी सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातल्या आपल्या विषयाच्या सूचना अशा :

• गरोदर स्त्रीला एखाद्या तुरुंगात पाठवण्याआधी तिथे प्रसूतीच्या आणि प्रसूतीच्या आधीच्या व नंतरच्या काळजीच्या किमान सोयी आहेत ना, हे पाहावे.
• स्त्री गरोदर असल्याचे कळले किंवा नुसती शंका आली तरी जिल्हा सरकारी रुग्णालयात तिची तपासणी करावी. किती महिने झाले, प्रसूतीची तारीख कोणती, याची नोंद व्हावी.
• शक्य असेल तिथे तात्पुरती सुटका किंवा पॅरोल देऊन प्रसूती तुरुंगाबाहेर व्हावी. सुरक्षेचा मोठा धोका असेल अशा अपवादात्मक प्रकरणांतच हे नाकारावे.
• बाळाच्या जन्माच्या नोंदीत जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये, फक्त त्या भागाचा पत्ता लिहावा.
• मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते.

जन्मदाखल्याची सूचना वाचून मी थोडा वेळ थांबलो. शाळेच्या प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जो कागद दाखवावा लागतो, त्यावर आईचा तुरुंग येऊ नये, एवढा पुढचा विचार कुणीतरी केला होता.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या गरोदर स्त्रियांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय त्या स्त्रीचाच आहे, आणि ती कैदी आहे म्हणून तो हक्क जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आत आलेल्या स्त्रीची गर्भधारणेची चाचणी लवकर व्हावी आणि तिला गर्भपात हवा असेल तर विनाविलंब सरकारी रुग्णालयात न्यावे, असेही सांगितले. यामागचे वैद्यकीय कारण सोपे आहे. कायद्यात गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा आहे आणि प्रत्येक आठवड्यागणिक ती प्रक्रिया अवघड होत जाते. गार्डची वाट पाहण्यात गेलेले पंधरा दिवस परत येत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटकेत असलेल्या एका गरोदर स्त्रीला प्रसूतीसाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगातल्या वातावरणात प्रसूती झाल्यास त्याचा परिणाम आईवर आणि बाळावरही होईल, हे न्यायालयाने लक्षात घेतले.

बेडीबद्दल

संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत आणि २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत स्पष्ट लिहिले आहे की कळा येत असताना, प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतर लगेच स्त्रीला बेड्या घालू नयेत. अमेरिकेत केंद्र सरकारच्या तुरुंगांसाठी असा कायदा २०१८ मध्ये झाला.

हा प्रश्न दयेचा समजला जातो, पण त्याला सरळ वैद्यकीय कारणे आहेत. गरोदरपणात शरीराचा तोल बदललेला असतो, बेडीने पडण्याचा धोका वाढतो. कळा येताना हिंडणे-फिरणे, कूस बदलणे यामुळे प्रसूती सुकर होते. बाळाचा खांदा अडकला तर आईचे पाय क्षणात वर घ्यावे लागतात. या काळात रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, हालचाल बंद झाली की ती आणखी वाढते. झटक्यांचे तर वर सांगितलेच. कळा येणारी बाई पळून जाईल ही भीती कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा लेबर वॉर्डमध्ये रात्र काढावी.

"पण गुन्हा केलाय ना?"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्या ताईच्याही आला. पोहे पुढे करत ती लेकीला म्हणाली, "अगं, बाहेरच्या चांगल्या बायकांना धड दवाखाना मिळत नाही. कैद्यांचं एवढं कौतुक कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी तीन भागांत दिले.

एक. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. उद्या निर्दोष सुटणाऱ्याही त्यात आहेत.

दोन. न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. बीपीची गोळी काढून घेण्याची शिक्षा कुठल्याच कलमात नाही. उलट बाहेरची बाई स्वतः दवाखाना शोधू शकते. आतल्या बाईचा तो मार्ग सरकारने बंद केलेला असतो, म्हणून जबाबदारीही सरकारवर येते.

तीन. पोटातल्या बाळावर कुठलाही आरोप नाही.

ताई म्हणाली, "ते बाळाचं पटलं. बाकीच्याचा विचार करते." मला तेवढे पुरेसे होते.

मोजले की दिसते

त्याच आकडेवारीत देशभरात २३,७७२ स्त्री कैदी होत्या. त्यातल्या १,५३७ जणी मुलांसह राहत होत्या आणि मुले होती १,७६४. ही मुले मोजली जातात, म्हणून त्यांच्या दुधाची, पाळणाघराची चर्चा तरी होते. गरोदर किती, त्यातल्या किती सुखरूप बाळंत झाल्या, किती गर्भ गेले, हे आकडे असेच दरवर्षी प्रसिद्ध व्हायला हवेत. अमेरिकेत डॉ. कॅरोलिन सफ्रिन या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या गटाने २०१६-१७ मध्ये २२ राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांतून वर्षभर ही मोजणी केली. १,३९६ गरोदर स्त्रिया दाखल झाल्याची नोंद झाली. त्यानंतर तिथे या विषयावर अंदाजाने बोलणे कमी झाले. भाचीच्या निबंधातली मुख्य शिफारस हीच आहे : प्रत्येक तुरुंगाने गरोदरपणाची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, आणि तक्रार केल्यापासून डॉक्टरने तपासेपर्यंत किती वेळ गेला हेही त्यात लिहावे.

ओळखीतल्या कुणावर ही वेळ आली तर

• अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. त्याच वेळी गरोदर असल्याचे आणि शेवटच्या पाळीची तारीख सांगावी.
• माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी यांच्या प्रती वकिलाकडे आणि तुरुंग अधीक्षकांकडे द्याव्यात. पोच घ्यावी.
• न्यायालयात पहिल्यांदा हजर करताना गरोदरपणाचा उल्लेख वकिलाने करावा. जामिनाच्या कायद्यात स्त्री असणे आणि आजारी असणे यांचा वेगळा विचार आहे.
• वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि कोठडीतल्या व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. हेल्पलाइन १५१००.
• भेटीला गेलात तर 'कशी आहेस' एवढेच विचारून थांबू नका. डोके दुखते का, बाळ फिरते का, शेवटचे बीपी कधी मोजले, हे विचारा. उत्तर काळजीचे असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

ही लक्षणे कुठेही दिसली तरी थांबू नका

तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, धाप लागणे, झटके, बाळाची हालचाल कमी होणे. यातले एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी तपासणी. रात्र असेल तर रात्री. १०८ किंवा १०२ ला फोन करा.

आणि हे तुरुंगापुरते नाही. माझ्या ओपीडीत आजही अशा गरोदर मुली येतात, ज्यांचे डोके चार दिवस दुखत होते आणि घरी कुणीतरी म्हणाले होते, "या दिवसांत होतंच तसं, आमच्या वेळी नव्हतं का?" त्यांच्या दाराला कुलूप नसते, पण नवऱ्याला सुट्टी मिळेपर्यंत किंवा सासूबाई हो म्हणेपर्यंत त्याही थांबलेल्या असतात. गरोदर स्त्री त्रास होतोय म्हणाली, की तो खरा आहे का याची चर्चा नंतर करा. आधी बीपी मोजा.